दुचाकीवरची सावधगिरी: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

रोज कामावर गाडीने जाणारे, गणपतीला मुंबईहून कोकणात गाडीवर निघणारे आणि पावसाळ्यात रविवारी ताम्हिणी गाठणारे, या सगळ्यांकडून फिरून फिरून तेच प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, काही दोन ओळींत संपली आहेत, कारण काही प्रश्नांना तेवढंच उत्तर असतं.

वीस वर्षं गाडी चालवतोय, अजून काय शिकायचं?

केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या २०२२ सालच्या अहवालानुसार त्या वर्षी देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसं मेली. त्यातली ७४,८९७ दुचाकीवरची होती, म्हणजे शंभरात जवळजवळ पंचेचाळीस. हे सगळे काही शिकाऊ नव्हते.

वीस वर्षांत हात-पाय तयार होतात, गिअर आणि क्लचचा विचार करावा लागत नाही. पण त्याच वीस वर्षांत डोळ्यांना आळसही चढतो. घर ते ऑफिस हा रस्ता पाठ झाला की आपण तो बघायचं सोडून देतो आणि आठवणीवर गाडी हाकतो. कालपर्यंत नसलेला खड्डा, सकाळीच टाकलेली खडी, आज नव्याने उघडलेलं दुभाजकातलं तोंड या गोष्टी आठवणीत नसतात. नवशिक्याला अंदाज नसतो, जुन्याला फाजील अंदाज असतो. दोघांपैकी जास्त धोक्यात कोण, यावर पैज लावायला मी तयार नाही.

‘सावध राहा’ सगळेच सांगतात. म्हणजे नेमकं करायचं काय?

खांदे ताठ करून, हँडल आवळून, डोळे फाडून बसणं म्हणजे सावधपणा असं अनेकांना वाटतं. असं बसलेला माणूस अर्ध्या तासात थकतो. सावध स्वार तसा निवांत दिसतो, कारण त्याने काहीतरी घडण्याआधीच वेळ आणि जागा हाताशी ठेवलेली असते. बाकी सगळी तंत्रं याच्यासाठीच आहेत.

त्यासाठी नजर लांब टाका. पुढच्या गाडीच्या नंबरप्लेटवर नजर अडकली तर तिच्यापलीकडचं काही कळत नाही. शहरात पुढच्या सिग्नलपर्यंत, हायवेला पुढच्या वळणापर्यंत बघायचं, मग जवळ यायचं, आरसे बघायचे, पुन्हा लांब जायचं. आणि प्रत्येक गोष्टीला मनात एकच प्रश्न विचारायचा: याचं पुढे काय होऊ शकतं?

कडेला थांबलेली एसटी म्हणजे तिच्या पुढून कोणीतरी रस्ता ओलांडणार. थांबलेल्या रिक्षाचं पुढचं चाक उजवीकडे वळलेलं असेल तर ती न बघता निघणार. उभ्या कारमध्ये ड्रायव्हरच्या जागी डोकं दिसतंय म्हणजे दार उघडू शकतं. शाळा सुटण्याची वेळ, एका कडेला पोरगा आणि दुसऱ्या कडेला त्याचा मित्र, म्हणजे तो धावणारच. एक कुत्रं रस्ता ओलांडून गेलं तर मागून दुसरं आहे का बघायचं.

सराव म्हणून पंधरा मिनिटं हेल्मेटच्या आत स्वतःशी मोठ्याने बोला: ‘डावीकडे टेम्पो, चालक मोबाईलवर, वेग कमी. पुढे चौक, उजवीकडची बाजू होर्डिंगने झाकलेली, ब्रेकवर बोटं.’ सिग्नलला शेजारचा माणूस विचित्र नजरेने बघेल, बघू दे. आपण किती गोष्टी न बघता सोडून देत होतो, हे पहिल्याच दिवशी कळतं.

समोरचा माझ्याकडे बघतो आणि तरीही आडवा घुसतो. मुद्दाम करतात का?

काही जण करतात. पण बहुतेकांनी तुमच्या दिशेला बघितलेलं असतं, तुम्हाला बघितलेलं नसतं. कारवाला चौकात कार, ट्रक, बस शोधत असतो. दुचाकी समोरून अरुंद दिसते, कारच्या काचेशेजारच्या खांबाआड तर पूर्ण लपते. आणि दिसली तरी एवढ्याशा आकारावरून ती किती वेगात येतेय याचा अंदाज चुकतो. हे फक्त आपल्याकडचं दुखणं नाही. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस परिसरातल्या सुमारे नऊशे मोटरसायकल अपघातांचा जागेवर जाऊन अभ्यास केला होता. १९८१ च्या त्या अहवालात, दुसरं वाहन सामील असलेल्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांश वेळा त्या दुसऱ्या वाहनाने मोटरसायकलचा हक्काचा रस्ता अडवला होता. आपल्याकडे डावीकडून चालतात, म्हणून हा धोका समोरून येऊन आपल्यापुढून उजवीकडे वळणाऱ्या गाडीचा आणि डावीकडच्या गल्लीतून बाहेर येणाऱ्याचा.

त्यामुळे ‘नजरानजर झाली’ यावर विसंबू नका. चालकाच्या डोळ्यांऐवजी त्याच्या पुढच्या चाकाकडे बघा, गाडी हलायला लागली की आधी चाक फिरताना दिसतं. चौकाच्या आधी थ्रॉटल सोडा, बोटं ब्रेकवर आणा. आपल्याच लेनमध्ये थोडं डावी-उजवीकडे सरका, सरळ रेषेत येणाऱ्या ठिपक्यापेक्षा हलणारी वस्तू डोळ्यांत भरते. १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचा हेडलाईट दिवसाही चालू राहतो तो याचसाठी. त्याला मधूनमधून ‘दादा, लाईट चालू आहे’ म्हणणारे भेटतात, त्यांचे आभार मानावेत आणि पुढे जावं.

डिपर मारणं मात्र जपून. आपल्याला म्हणायचं असतं ‘मी येतोय, थांब’. समोरचा कधीकधी त्याचा अर्थ घेतो ‘ये, तू जा’.

पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं? ठेवलं की मध्ये दुसराच घुसतो.

आधी हिशेब बघू. धोका दिसल्यापासून हात ब्रेकवर दाबायला साधारण दीड सेकंद धरा. कोरडा, चांगला रस्ता, बरे टायर. ताशी ४० ला गाडी त्या दीड सेकंदात १७ मीटर जाते आणि ब्रेक लागल्यावर आणखी दहा, म्हणजे एकूण २७. ताशी ६० ला २५ अधिक २३, एकूण ४८. ताशी ८० ला ३३ अधिक ४१, एकूण ७४ मीटर. वेग ४० चा ८० झाला, म्हणजे दुप्पट. थांबायचं अंतर मात्र पावणेतीन पट झालं. ओल्या रस्त्यावर हे आकडे आणखी वाढतात.

गाडीवर बसून मीटर मोजता येत नाहीत, म्हणून सेकंद मोजायचे. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात शांतपणे ‘गणपती बाप्पा मोरया, मंगलमूर्ती मोरया’ म्हणा. याला तीनेक सेकंद लागतात. ते पूर्ण व्हायच्या आत तुम्ही खांबापाशी पोचलात तर जवळ आहात. पावसात दोनदा म्हणा.

मध्ये कोणी घुसला तर घुसू दे, थोडा थ्रॉटल सोडून पुन्हा अंतर करा. पुण्याहून साताऱ्यापर्यंत असे पन्नास जण घुसले तरी सगळ्यांनी मिळून तुमची पाच मिनिटंही खाल्लेली नसतात. ट्रकच्या मागे तर अंतर हवंच. त्याच्या पोटाखालून निघणारा खड्डा किंवा फुटलेल्या टायरचा तुकडा तुम्हाला ऐनवेळी दिसतो. शिवाय ट्रकचे आरसे तुम्हाला दिसत नसतील तर ट्रकवाल्यालाही तुम्ही दिसत नाही.

पुढचा ब्रेक दाबला की गाडी पडते ना? मी मागचाच वापरतो.

हा समज घरोघरी आहे आणि तो घातक आहे. ब्रेक लागला की वजन पुढच्या चाकावर येतं, मागचं चाक हलकं होतं. हलकं चाक लगेच घसरतं. म्हणजे थांबवायची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्ये आहे. फक्त मागचा दाबणारा माणूस गाडी सरपटत नेतो आणि थांबायचं तिथे थांबत नाही.

पडतात ते पुढचा ब्रेक झटक्यात आवळल्यामुळे, किंवा हँडल वळलेलं असताना अथवा बारीक खडीवर लावल्यामुळे. रीत अशी: गाडी सरळ, दोन्ही ब्रेक एकत्र, पुढचा आधी हलका आणि मग वजन पुढे आलं की वाढवत जायचा. लिंबू पिळावं तसा, चापट मारावी तसा नाही.

१२५ सीसीपेक्षा मोठ्या नव्या गाड्यांना २०१९ पासून एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) सक्तीचं आहे, त्याखालच्या गाड्यांना किमान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय. एबीएस सुरू झालं की लिव्हर थरथरतो आणि घाबरून लोक हात सोडतात. सोडू नका, दाबून धरा. आणि खडी किंवा मुरमावर एबीएसनेही थांबायला जास्त जागा लागते, तिथे आधीच हळू व्हा.

रविवारी सकाळी मोकळं मैदान गाठा, ताशी २० ने सुरुवात करा आणि दहा-पंधरा वेळा जोरात थांबून बघा. बहुतेकांनी आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण ब्रेक लावलेला असतो तो ट्रक समोर आल्यावरच.

घाटात वळणं घेताना भीती वाटते. काही युक्ती?

वळणाच्या आधी वेग कमी करा, गिअर आधी टाका, वळणात ब्रेकचं काम उरू देऊ नका. मग हलका थ्रॉटल धरून बाहेर या. रस्त्याच्या दोन्ही कडा जिथे मिळताना दिसतात त्या टोकाकडे बघा: ते टोक लांब सरकत असेल तर वळण उलगडतंय, तुमच्याकडे येत असेल तर वळण आवळतंय.

नजर जिथे, गाडी तिथे. कठड्याकडे बघत राहिलात तर कठड्यावर जाल, घाबरलेला माणूस नेमकं तेच करतो. मान वळवून रस्ता जिथून बाहेर निघतो तिथे बघायचं.

यू वळणावर वर येणारी किंवा उतरणारी एसटी पूर्ण रस्ता घेते, घेणारच, तिला दुसरा मार्ग नसतो. अशा वळणाआधी हॉर्न द्या, डावीकडे राहा आणि ती आलीच तर थांबा. तिथे हक्काची भाषा करू नये. चढणाऱ्याला आधी वाट देण्याचा नियम आहे, दुचाकीवाले तो सर्रास विसरतात.

उतारावर गाडी न्यूट्रल करणं किंवा बंद करून सोडणं हा पेट्रोल वाचवण्याचा सगळ्यात महाग प्रकार. दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर ठेवा, इंजिनच गाडीला धरून ठेवतं. हे दुसऱ्यांच्या बाबतीतही लक्षात ठेवायचं. पुण्यात कात्रजच्या नव्या बोगद्यापासून नवले पुलापर्यंतच्या उतारावर ब्रेक निकामी झालेले ट्रक पुढच्या गाड्यांवर जाऊन आदळल्याचे अपघात वारंवार झाले आहेत, आणि डिझेल वाचवायला न्यूट्रलवर सोडलेला ट्रक हे त्यातलं एक कारण सांगितलं जातं. अशा उतारावर दुचाकीवाल्याने आरशात पुढच्याइतकंच लक्ष ठेवावं, आणि रांगेत थांबावं लागलं तर सरळ ट्रकसमोर न थांबता कडेला, निसटता येईल अशा जागी थांबावं.

पावसाळ्यात सगळ्यात धोकादायक काय?

पहिला पाऊस. महिनोन्महिने साचलेलं ऑइल आणि धूळ ओली होऊन रस्त्यावर पातळ थर धरते. जोराचा पाऊस होऊन गेला की ती धुऊन जाते, पण पहिल्या अर्ध्या तासात घाई करणारे ठिकठिकाणी आडवे झालेले दिसतात. शक्य असेल तर तेवढा वेळ चहाच्या टपरीवर काढा.

मग येतात निसरड्या गोष्टी: झेब्रा क्रॉसिंगचे पांढरे पट्टे, मेट्रोच्या कामाजवळ टाकलेल्या लोखंडी प्लेटा, गटारांची झाकणं, रेल्वे फाटकातले रूळ, कोकणात रस्त्यावर सडलेला पाला, शेतातून आलेल्या ट्रॅक्टरने चाकांसोबत आणलेला चिखल. यांच्यावर ब्रेक नको, वळण नको. गाडी सरळ ठेवून आरामात पार व्हा. रूळ शक्य तितके काटकोनात ओलांडा. पाण्याने भरलेला खड्डा वीतभर आहे की गुडघाभर, वरून कळत नाही, म्हणून पुढच्या गाडीच्या चाकाच्या मागावरून चाला.

माळशेज, आंबोली, आंबा घाटात धुकं दाट असतं. पार्किंगचे चारही इंडिकेटर लावून चालत राहणं चुकीचं, मग तुम्ही वळणार कुठे हे मागच्याला कळत नाही. लो बीम लावा, अप्परचा प्रकाश धुक्यावरून परत तुमच्याच डोळ्यांत येतो. धबधबा बघायला वळणावर गाडी लावू नका, आणि दरड पडून गेलेल्या उघड्या कड्याखाली तर फोटोसाठीसुद्धा थांबू नका. वरंधसारखे घाट पावसाळ्यात काही वेळा बंद ठेवतात, तेव्हा ‘बाईक तर जाईल’ म्हणून बॅरिकेड चुकवून जाणाऱ्यांचं मला कौतुक वाटत नाही.

पुलावरून पाणी जात असेल तर थांबायचं. पाण्याखालचा रस्ता जागेवर आहे की वाहून गेला, ते काठावरून दिसत नाही.

आणि पोंचोसारखा लोंबता रेनकोट नको, त्याची टोकं चेनमध्ये जातात.

उसाच्या हंगामात रात्री गाडी चालवायची असेल तर?

कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, अहिल्यानगर या भागांतल्या लोकांना हा प्रश्न समजावून सांगावा लागत नाही. साधारण नोव्हेंबरपासून मार्चपर्यंत रस्त्यावर दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर असतात. वेग बैलगाडीपेक्षा थोडा बरा, मागे दिवा नाही, रिफ्लेक्टर असलाच तर उसाच्या वाड्याखाली किंवा चिखलाखाली झाकलेला. तुम्ही ताशी ७० ने येत असाल तर अंधारातून अचानक काळी भिंत उभी राहते. हेडलाईटच्या प्रकाशात जेवढा रस्ता दिसतो तेवढ्यात थांबता आलं पाहिजे, रात्रीच्या वेगाचा दुसरा कुठलाही हिशेब खरा नाही. लो बीमवर ही मर्यादा ताशी ४०-५० च्या आसपासच येते, मग गाडी कितीही सीसीची असो.

काही खुणा उपयोगी पडतात. रस्त्यावर उसाची कांडकी, पाचट पडलेलं दिसलं म्हणजे पुढे ट्रॉली आहे. लांबून ट्रॅक्टरवरचं गाणं ऐकू येतं, तो आवाज दिव्यापेक्षा आधी पोचतो. समोरून येणाऱ्या गाड्यांच्या प्रकाशात अधेमधे काळं काही आडवं आलं, दिवे क्षणभर झाकले गेले, की तिथे काहीतरी उभं किंवा चालतंय. ट्रॉली पंक्चर होऊन रस्त्यातच सोडलेली असते तेव्हा मागे दगड आणि झाडाच्या फांद्या ठेवलेल्या असतात, आणि ट्रॉली गेल्यावर ते दगड तिथेच राहतात. ओव्हरटेक करताना एकाच ट्रॉलीचा अंदाज धरून बाहेर काढू नका, पुढे दुसरी असते आणि तिच्यापुढे दुसरा ट्रॅक्टरही.

कारखान्याच्या फाट्यावर आणि वजनकाट्याच्या रांगेजवळ रस्ता मळीने किंवा चिखलाने निसरडा असतो, तिथे दिवसाही हळू.

समोरून अप्पर मारून येतात, काहीच दिसत नाही.

त्याच्या दिव्याकडे बघू नका. नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर आणा आणि वेग उतरवा. सूड म्हणून आपणही अप्पर मारला तर आंधळे दोघे होतात. हेल्मेटच्या काचेवरचे, म्हणजे व्हायजरवरचे, ओरखडे प्रकाश फाकवतात, तो बदलणं स्वस्त आहे. काळा व्हायजर रात्री वापरू नये हे लिहावं लागतंय, याचंच आश्चर्य.

लांबच्या प्रवासात झोप येते. चहा पुरेसा आहे का?

नाही. मुंबईहून गणपतीला गाडीवर कोकणात निघणाऱ्यांचा नेहमीचा बेत बघा: दिवसभर काम, रात्री बॅगा, पहाटे दोन-तीनला प्रस्थान, ‘म्हणजे ट्रॅफिक लागत नाही’. ट्रॅफिक लागत नाही हे खरं, पण पहाटे दोन ते पाच ही शरीराची सगळ्यात गाढ झोपेची वेळ आहे. दुसरी वेळ दुपारी दोन ते चार, विशेषतः ढाब्यावर पोटभर जेवल्यानंतर. या दोन पट्ट्यांत गाडी नसेल तर निम्मं काम झालं. रात्री नऊला झोपून पहाटे साडेपाचला निघालेला माणूस पाठीमागून निघूनही बरा पोचतो.

दुचाकीवर डुलकी लागत नाही, वारा असतो, असं म्हणतात. पूर्ण झोप लागायची गरजच नाही. दोन-तीन सेकंद मेंदू बंद पडतो, डोळे उघडे असले तरी. ताशी ७२ ला गाडी सेकंदाला २० मीटर जाते. म्हणजे तीन सेकंदांत साठ मीटर कोणीच गाडी चालवत नसतं.

खुणा ओळखा: मागचे दोन-चार किलोमीटर कसे गेले ते आठवत नाही, गिअर बदलायला उशीर होतोय, वेग आपोआप कमी-जास्त होतोय, गतिरोधक ऐनवेळी दिसतोय, उगाच चिडचिड. जांभई येण्याची वाट बघू नका.

यातलं काहीही झालं तर उजेड असलेल्या पंपावर किंवा ढाब्यावर थांबा. कॉफी प्या आणि लगेच वीस मिनिटं झोपा. कॉफीचा परिणाम व्हायला साधारण तेवढाच वेळ लागतो, म्हणून क्रम हाच. नुसतं तोंडावर पाणी मारणं, मोठ्याने गाणी म्हणणं, मागच्याने पाठीत गुद्दे घालणं यांनी पाच-दहा मिनिटं ढकलता येतात, अधिक नाही.

पाणी कमी प्यायल्यानेही लक्ष उडतं. लघवीला थांबावं लागेल म्हणून पाणी न पिणारे, विशेषतः मागे बसलेल्या बायका, भरपूर आहेत. दर दीड तासाला थांबायचं असं आधीच ठरवून निघालात तर हा प्रश्नच उरत नाही.

सर्दी-खोकल्याच्या बऱ्याच गोळ्या आणि सिरपं गुंगी आणतात. औषधवाल्याला विचारा, ‘गाडी चालवायची आहे, चालेल का?’ दारूबद्दल कायद्याची मर्यादा १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम आहे. दुचाकीवर तोल सांभाळायचा असतो, म्हणून माझ्या मते मर्यादा शून्यच. रात्री उशिरापर्यंत प्यायलेली सकाळी उतरलेली असते असंही नाही.

मोबाईल होल्डरवर नकाशा लावला तर चालतं ना?

निघण्याआधी रस्ता बघून ठेवा, आवाजी सूचना एका कानात, नकाशाकडे कटाक्ष फक्त थांबल्यावर. हेल्मेट आणि कानाच्या फटीत फोन खोचून बोलणाऱ्यांचा एक हात मोकळा असतो, डोकं मोकळं नसतं. फोन घ्यायचाच तर डावीकडे पूर्ण रस्त्याबाहेर. हायवेच्या साइडपट्टीवर नाही, कारण तिथून रॉंग साइडने येणारे असतात.

डिलिव्हरीचं काम करणाऱ्यांना हे सांगणं सोपं आणि पाळणं अवघड आहे, ॲप सतत वाजत असतं. निदान ऑर्डर स्वीकारण्याचं बोट चालत्या गाडीवर नको.

शहरात तीस-चाळीसच्या वेगात हेल्मेट कशाला? पुण्यात तर हेल्मेटसक्तीला विरोधही झाला.

झाला, मोर्चे निघाले, पगड्या घालून फोटोही आले. भौतिकशास्त्र मात्र पुण्यातही तेच आहे. उभा माणूस जागच्या जागी कोसळला तरी त्याचं डोकं जमिनीवर साधारण ताशी २० किलोमीटरच्या वेगाने आपटतं. म्हणजे गाडी उभी असली तरी. त्यात गाडीचा वेग मिळवा. २०२२ मध्ये देशात हेल्मेट नसलेले ५०,०२९ जण मेले आणि त्यातले १४,३३७ मागे बसलेले होते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ नुसार चार वर्षांवरच्या प्रत्येकाला, पुढच्याला आणि मागच्यालाही, हेल्मेट हवं. आयएसआय खूण आणि आयएस ४१५१ हा क्रमांक बघून घ्या. घातल्यावर गाल किंचित दाबले जावेत, डोकं हलवलं तर हेल्मेट डोक्याबरोबर हलावं. पट्टा न लावलेलं हेल्मेट पहिल्या धक्क्याला उडतं, तेव्हा पोलिसाला दाखवण्यापुरतं ते ठीक. एकदा जोरात आपटलं की बदला, आतला थर दबलेला बाहेरून दिसत नाही.

संक्रांतीच्या दिवसांत मांज्याची भीती वाटते.

वाटायलाच हवी. नायलॉन मांज्यावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी नागपूर, नाशिक, पुण्यात दर जानेवारीला गळे कापल्याच्या बातम्या येतात. तो दिसत नाही, म्हणून उपाय वेगाचा आणि झाकण्याचा. उड्डाणपुलांवर ताशी ३०, गळ्याला जाड मफलर किंवा कॉलर, हेल्मेट पूर्ण तोंडाचं आणि व्हायजर खाली. हँडलला लावायच्या लोखंडी तारेच्या कमानी या दिवसांत चौकाचौकांत विकायला येतात, त्या उपयोगी आहेत. मुलाला टाकीवर पुढे बसवून या दिवसांत फिरू नका, मांजा आधी त्याला लागतो.

घरच्यांना मागे बसवताना काय बघायचं?

साडीचा पदर आणि ओढणी आवरून, खोचून. साडीगार्ड काढून टाकणाऱ्या हौशी मंडळींनी तो पुन्हा बसवावा, नियमातही मागच्या चाकावर आच्छादन सांगितलेलं आहे. एका बाजूला पाय सोडून बसल्याने तोल सतत एकीकडे राहतो. आईला किंवा आजीला तसंच बसायचं असेल तर वळणं आणखी हळू घ्या आणि गतिरोधकाआधी ‘धर गं’ म्हणा. डबलसीट असताना मागच्या टायरमध्ये हवा कंपनीने सांगितल्याइतकी वाढवा आणि थांबायला जास्त अंतर धरा.

चार वर्षांखालचं मूल असेल तर चालकाला जोडलेला सुरक्षा पट्टा, मुलाच्या मापाचं हेल्मेट आणि वेग ताशी ४० च्या आत, असा नियम २०२३ पासून आहे. तिघं-चौघं एका गाडीवर हा विषय मी वाढवत नाही.

कोणी कट मारून गेला की डोकं फिरतं.

त्याला गाठून काय सांगणार आहात? पाठलागात तुमचे डोळे एकाच माणसावर खिळतात, बाकीचा रस्ता दिसेनासा होतो. पुढचा एक किलोमीटर मुद्दाम हळू चाला.

ग्रुपने जाताना?

सगळ्यात हळू चालणारा पुढून दुसरा. पुढच्याने ओव्हरटेक केलं म्हणून आपल्यालाही जागा आहे असं नसतं. जेवायला कुठे भेटायचं ते ठरलेलं असेल तर कोणाला कोणाच्या मागे पळावं लागत नाही.

कुठल्या रस्त्यांवर दुचाकीला बंदी आहे?

मुंबई-पुणे एक्स्प्रेस-वे, समृद्धी महामार्ग, अटल सेतू, वांद्रे-वरळी सागरी सेतू आणि मुंबईचा कोस्टल रोड. नकाशा कधीकधी तिकडेच नेतो, म्हणून त्यात दुचाकीचा पर्याय निवडा.

निघण्याआधी गाडीचं काय तपासू?

टायरची हवा, दोन्ही ब्रेक, मागचा लाल दिवा, चेनचा ताण, साइड स्टँड वर. टायरच्या बाजूला चार आकडी शिक्का असतो, २३२१ म्हणजे २०२१ चा तेविसावा आठवडा. नक्षी शिल्लक असली तरी जुनं रबर कडक होतं आणि पावसात पकड सोडतं.

रस्त्यात अपघात दिसला तर थांबावं का? पोलिसांचं लचांड मागे लागेल.

थांबा. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं कायम केली आणि २०१९ च्या दुरुस्तीने ती मोटार वाहन कायद्यात कलम १३४-अ म्हणून आली. नाव-पत्ता सांगण्याची किंवा साक्षीदार होण्याची सक्ती तुमच्यावर करता येत नाही, दवाखान्यात पैसे भरायलाही लावता येत नाही.

आधी आपली गाडी सुरक्षित जागी, मग मागून येणाऱ्यांना लांबूनच हात करून हळू करायला एक माणूस उभा करा. याशिवाय मदत करणारेच उडवले जातात. ११२ किंवा १०८ ला फोन, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर १०३३. ठिकाण सांगताना कडेच्या दगडावरचा किलोमीटरचा आकडा सांगा, ‘ढाब्याजवळ’ म्हणून काही कळत नाही. रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढू नका, मान दुखावलेली असू शकते, आणि पाणी पाजू नका. जखमीला रिक्षात कोंबायची घाई तेव्हाच, जेव्हा रुग्णवाहिका येण्याची शक्यता नाही किंवा तिथेच थांबणं धोक्याचं आहे.

मे २०२५ मध्ये अधिसूचित झालेल्या केंद्राच्या योजनेत रस्ते अपघातातल्या जखमीला ठरवून दिलेल्या रुग्णालयांत पहिल्या सात दिवसांसाठी दीड लाख रुपयांपर्यंत रोख न भरता उपचार मिळण्याची तरतूद आहे. रुग्णालयात पोचल्यावर या योजनेचं नाव घेऊन विचारा.